दगड फुटला, माणूस वाचला

सलमान खानच्या उजव्या मनगटात चांदीचं जाड ब्रेसलेट असतं आणि त्यात एक मोठा निळा खडा. मुंबईच्या फुटपाथवर त्याच्या नकला वर्षानुवर्षं विकल्या जातात. खडा पिरोजाचा. त्याचं मर्म विचारणाऱ्या चाहत्यांना त्याने एकदा सांगितलं होतं, की आपल्यावर काही वाईट येणार असलं तर हा खडा ते आधी स्वतःवर घेतो, त्याच्यात शिरा उमटतात आणि मग तो तडकतो. तेव्हा हातात होता तो सातवा. आधीचे सहा कामी आले होते.

हीच गोष्ट चारशे वर्षांपूर्वी प्रागच्या एका वैद्याने लिहून ठेवली आहे. आन्सेल्मुस द बोट हा सम्राट दुसऱ्या रुडॉल्फचा राजवैद्य. १६०९ साली त्याने रत्नांवर लॅटिनमध्ये मोठा ग्रंथ छापला आणि पिरोजाच्या प्रकरणात चक्क स्वतःच्या अंगठीची हकीकत सांगितली. त्याच्या वडिलांच्या घरापासून जवळच एक स्पॅनिश गृहस्थ राहत असे. त्याच्या बोटातला पिरोजा देखणा होता. गृहस्थ वारला, चीजवस्तू लिलावात निघाली, तेव्हा पाहतात तो खड्याचा रंग पार उडालेला. वडिलांनी तो मातीमोल भावाने घेतला आणि असला फिका खडा आपल्याला शोभत नाही म्हणून मुलाला देऊन टाकला. मुलाने त्यावर घराण्याचं चिन्ह कोरून घेतलं, अंगठी बोटात घातली, आणि महिना उलटायच्या आत खड्यावर पुन्हा तेज आलं. पुढे पदुआहून पदवी घेऊन परतताना रात्रीच्या अंधारात त्याचा घोडा स्वारासकट उंचवट्यावरून खाली कोसळला. दोघांनाही काही झालं नाही. सकाळी हात धुताना लक्ष गेलं, तर पिरोजाचा चतुर्थांश तुकडा उडालेला.

मराठी माणसाला या गोष्टीची चाल ओळखीची वाटेल. 'जिवावरचं पायावर निभावलं' असं आपण म्हणतोच. इथे पायाच्या जागी खडा. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवायचं, वास्तूसमोर कोहळा फोडायचा, देवापुढे नारळ वाढवायचा, या सगळ्यामागे कुणीतरी आपल्याऐवजी फुटावं अशीच इच्छा असते. लिंबू मात्र आपण चिरडतो. पिरोजा आपली वेळ आपण ठरवतो.

तर्काच्या बाजूने ही श्रद्धा अभेद्य आहे. खडा शाबूत असेल तर तो राखण करतोय. फुटला तर राखण करून गेला. खडा फुटूनही माणसाला लागलं, तर याहून जास्त लागायचं होतं. माणसाला लागलं आणि खडा जसाच्या तसा, तर खडा अस्सल नव्हता! पिरोज या मूळ फारसी शब्दाचा अर्थ 'विजयी' आहे, आणि कोणत्याही घटनेने हरू न शकणाऱ्या या समजुतीला तो चांगलाच शोभतो.

शब्दावरून थोडं विषयांतर. मुंबईच्या पारशांमधली फिरोज, पिरोजा ही नावं याच मुळाची. फिरोजशहा मेहतांचं नावही त्यातलंच. मराठीत तो पिरोजी रंग होऊन बसला. दख्खनमध्ये तर तो सिंहासनापर्यंत पोचला होता. तेलंगणच्या राजाने बहमनी सुलतान पहिल्या मुहम्मदशहाला गुलबर्ग्यात नजर केलेलं 'तख्त-ए-फिरोजा' आबनुसाचं होतं, सोन्याच्या पत्र्याने मढवलेलं. फिरिश्ता सांगतो, की त्यावर आकाशी मिन्याचं काम होतं म्हणून हे नाव पडलं, आणि पुढचे सुलतान त्यात एवढी रत्नं जडवत गेले की तो निळा रंग झाकूनच गेला. नाव तेवढं राहिलं.

आता पुन्हा द बोटकडे. त्याच्या हकीकतीचे दोन भाग आहेत आणि ते दोन वेगळ्या जातींचे आहेत. खडा फुटला त्यात अर्थ माणसाने घातला. खड्याचा रंग गेला आणि परत आला, हे मात्र त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि ते खरं असायला काहीच हरकत नाही. पिरोजा म्हणजे तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम यांचं फॉस्फेट, ज्याच्या घडणीतच पाणी असतं. अतिसूक्ष्म कणांचा तो गोळा, आणि कणांच्या मध्ये बारीक पोकळ्या. त्यामुळे तो मातीच्या माठासारखा शोषतो: घाम, तेल, अत्तर, साबणाचं पाणी. कोरड्या जागी किंवा उन्हात पडून राहिला की फिकुटतो. अंगावर राहिला की त्वचेच्या तेलाने गडद होतो, आणि वर्षं गेली की हळूहळू हिरव्याकडे झुकतो. स्पॅनिश गृहस्थ गेल्यावर अंगठी पेटीत पडली असणार आणि खडा वाळला असणार. तरुण, घाम येणाऱ्या बोटात गेल्यावर तो पुन्हा ओलावला.

तिबेटी आणि लडाखी लोकांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. त्यांनी त्याचा अर्थ वेगळा लावला एवढंच. तिबेटी भाषेत पिरोजाला 'यु' म्हणतात. माणसाच्या देहाबाहेरही राहू शकणारं, भटकू शकणारं एक चैतन्य त्यांच्याकडे मानलं जातं, त्याचं नाव 'ला'. हा 'ला' झाडात, सरोवरात, डोंगरात वस्ती करतो, तसाच गळ्यातल्या पिरोजातही करतो. त्या खड्याला 'ला-यु' म्हणतात. लडाखी बायकांचा 'पेराक' पाहावा. कपाळापासून पाठीपर्यंत लोंबणारा, नागाच्या फण्यासारखा तो पट्टा, त्यावर ओळीने टाचलेले पिरोजे, आणि आईकडून थोरल्या मुलीकडे जाणारा वारसा. केसांना लोणी लावणाऱ्या मुलखात हे खडे पिढ्यानपिढ्या लोणी पीत आले आहेत. निळा खडा हिरवा पडला की तो म्हातारा झाला, मेला, असं मानतात. खडा आजार ओढून घेतो, आणि धनी आजारी पडला की खडाही उतरतो, असंही. आजाऱ्याचा घाम वेगळा असतो, हे डॉक्टरही नाकारणार नाहीत.

म्हणजे समजुतीच्या मुळाशी एक अचूक निरीक्षण आहे. हा दगड बदलतो, आणि तो ज्याच्या अंगावर आहे त्याच्यामुळे बदलतो. हिऱ्याबद्दल अशी कथा रचता येत नाही. हिरा कुणाच्याही बोटात सारखाच चमकतो. त्याला धन्याचं सोयरसुतक नाही. म्हणूनच हिऱ्याच्या दंतकथा मालकीच्या, चोरीच्या आणि शापाच्या असतात, आणि पिरोजाच्या आजारपणाच्या, प्रवासाच्या, जीव वाचल्याच्या.

याच निरीक्षणाची सर्वांत सुंदर नोंद मात्र प्रागमध्येही नाही आणि ल्हासातही नाही. ती सिनाईच्या वाळवंटात, सेराबित अल-खादिम नावाच्या डोंगरमाथ्यावर, एका शिळेवर कोरलेली आहे. पावणेचार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची. तिथे पिरोजाच्या खाणी होत्या आणि खाणींना लागून हाथोर देवीचं मंदिर. देवीचं बिरुद होतं 'पिरोजाची स्वामिनी'. तिसरा अमेनेमहात हा फेरो राज्य करत असताना हरवेरे नावाचा अधिकारी मजुरांचा तांडा घेऊन तिथे पोचला, तो भर उन्हाळ्यात. खाणीत उतरायचा हा हंगामच नव्हे. त्याने शिळेवर आपली कैफियत लिहून ठेवली आहे: डोंगर तापलेले, कातडी भाजणारी हवा, आणि खड्याला रंग म्हणून नाही. त्याने पहाटे जाणत्या खाणकामगारांना विचारलं. ते म्हणाले, पिरोजा डोंगरात कायमच आहे, प्रश्न रंगाचा आहे, आणि या दिवसांत रंग मिळत नाही असं आम्ही ऐकत आलो आहोत.

ही मंडळी रसायनशास्त्रज्ञ नव्हती. पण पदार्थ आणि त्याचा गुण यांत फरक असतो, पदार्थ असूनही गुण नसू शकतो, हे त्यांच्या उत्तरात स्वच्छ आहे. हरवेरे मागे फिरला नाही. देवीचं नाव घेऊन खणत राहिला, मागितला होता त्याहून जास्त माल घेऊन गेला, आणि जाताना पुढच्या अधिकाऱ्यांसाठी निरोप ठेवून गेला: अवेळी आलात म्हणून तोंडं पाडू नका, हाथोर सांभाळून घेते. सरकारी अधिकाऱ्याने आपल्यामागून येणाऱ्याला दिलेला इतका माणुसकीचा सल्ला जुन्या कागदपत्रांत क्वचितच सापडतो.

त्याच डोंगरावर फ्लिंडर्स पेट्री आणि हिल्डा पेट्री यांना १९०५ साली काही वेडीवाकडी चिन्हं खरवडलेली सापडली. ती चित्रलिपी नव्हती. १९१६ मध्ये अ‍ॅलन गार्डिनरने त्यातला एक शब्द लावला: 'बअलत', म्हणजे स्वामिनी. खाणीवरच्या सेमिटिक मजुरांनी देवीला आपल्या भाषेत मारलेली हाक होती ती. हिब्रू, अरबी, ग्रीक, रोमन या सगळ्या लिप्यांच्या पूर्वजांपैकी ही अक्षरं मानली जातात. निळ्या दगडाच्या शक्तीबद्दल कुणाला काही दाखलाच हवा असेल तर हा द्यावा.

पदार्थ आणि गुण यांचा प्रश्न तांब्याच्या बाबतीत आणखी रंगतो, कारण तांबं स्वतः निळंही नसतं आणि हिरवंही नसतं. 'तांबडा' हा शब्दच मुळी त्याच्यावरून आला. तरी देवघरातल्या ताम्हणाला काही दिवस चिंच लागली नाही की कडेला हिरवट थर धरतो, आणि कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं. तांब्याच्या अणूने दोन इलेक्ट्रॉन गमावले आणि भोवती ऑक्सिजन किंवा पाणी येऊन बसलं, की तो प्रकाशातला तांबडा भाग गिळू लागतो. परत येतो तो निळा आणि हिरवा. तांबडा धातू तांबडा रंग खाऊन निळा दिसतो, हा निसर्गाचा विनोद म्हणावा लागेल. ताम्हणावरचा हिरवा थर आणि मॅलाकाइट नावाचा पट्ट्यापट्ट्यांचा हिरवागार दगड जवळचे नातेवाईक आहेत. दोन्हींत तांब्याचं कार्बोनेट. एक काही दिवसांत होतो, दुसऱ्याला खाणीत फार सवड मिळालेली असते.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. माणिक, नीलम, पाचू यांचे रंग त्यांचे स्वतःचे नसतात. माणिक आणि नीलम मुळात रंगहीन कुरुंद. त्यात चिमूटभर क्रोमियम शिरलं की माणिक, लोह आणि टायटॅनियम शिरलं की नीलम. पाचूचा हिरवेपणाही क्रोमियम किंवा व्हॅनेडियम या पाहुण्यांचा. माणिक कुटलं तर पूड पांढरट निघते. मॅलाकाइट कुटा, पूड हिरवीच राहते. अ‍ॅझुराइट कुटा, निळीच. म्हणून तर इजिप्तच्या बायका आणि पुरुष मॅलाकाइट वाटून डोळ्यांभोवती लावत, आणि युरोपचे चित्रकार अ‍ॅझुराइट वाटून आकाश रंगवत. तांब्याच्या खड्यांत रंग म्हणजेच दगड. आपल्याकडे वेदान्त्यांचा आवडता दृष्टान्त आहे: स्फटिकाजवळ जास्वंद ठेवली की स्फटिक लाल दिसतो, पण लाली त्याची नव्हे, उपाधीची. त्या हिशेबाने नवरत्नांतली तीन मानाची रत्नं स्फटिकाच्या पंगतीत बसतात, आणि ज्याचा रंग खरोखर अंगचा, त्या पिरोजाला आपल्या शास्त्राने उपरत्नांत ढकललं. मोती आणि पोवळं वगळता रत्नपरीक्षकांनी कठीणपणाला मान दिला, आणि तांब्याचे खडे त्यात मागे पडतात. मोसच्या मोजपट्टीवर पिरोजा ५ ते ६, मॅलाकाइट जेमतेम ४. साध्या सुरीने ओरखडा उठतो.

अंगचा म्हणून रंग कायमचा, असंही नाही. अ‍ॅझुराइट दमट हवेत कालांतराने कार्बन डायऑक्साइड सोडतो, पाणी घेतो आणि मॅलाकाइट होतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात राफाएलचं वेदीचित्र आहे, संतांच्या मधे बसलेली मेरी आणि बाळ येशू. तिचा झगा आज हिरवट दिसतो. राफाएलने तो निळा रंगवला होता.

मग तो झगा तोच आहे का? प्रश्न युरोपचा वाटतो, पण यावर सर्वांत कडाक्याचं भांडण भारतात झालं, आणि तेही कुंभाराच्या भट्टीवरून. कच्चं काळपट मडकं भाजल्यावर लाल होतं. कणादाचे अनुयायी वैशेषिक म्हणाले, आगीत मडकं परमाणूंपर्यंत विस्कटतं, परमाणूंचा रंग बदलतो आणि त्यांचं नवं मडकं बनतं. हे इतक्या वेगाने होतं की डोळ्यांना कळत नाही. हा पीलुपाकवाद. नैयायिक म्हणाले, कशाला एवढा खटाटोप? मडकं आहे तसंच राहतं, सगळंच्या सगळं भाजून लाल होतं. हा पिठरपाकवाद. शेकडो वर्षं विद्यार्थ्यांना वाटत आलं, की इथे न्यायाने व्यवहारज्ञान दाखवलं आणि वैशेषिकांनी हट्ट केला. नामिबियातल्या त्सुमेब खाणीतले खडे पाहून मात्र कणादाच्या अनुयायांना हसू आलं असतं. तिथे अ‍ॅझुराइटचे टोकदार स्फटिक सापडतात, आकार अगदी अ‍ॅझुराइटचा, पण आतून बाहेरून मॅलाकाइट. कण न् कण मोडून नव्याने रचला गेला आणि बाहेरची ठेवण हलली नाही. मडक्याचं काय ते असो, या खड्यापुरता पीलुपाक जिंकला.

आता शक्तीचा प्रश्न. खडा राखण करतो म्हणजे नेमकं काय करतो? आयुर्वेदाने याला मोठ्या प्रामाणिकपणे उत्तर दिलं आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, २६व्या अध्यायात, रस, वीर्य, विपाक यांनी ज्याचा उलगडा होत नाही त्याला 'प्रभाव' असं नाव दिलं आहे, आणि अंगावर धारण केलेल्या मण्यांचं काम त्या खात्यात टाकून ते अचिंत्य म्हटलं आहे. अर्थात, कारण सांगता येत नाही. न कळणाऱ्या गोष्टींसाठी वेगळा कप्पा करून त्यावर तसं स्पष्ट लिहिणं, हे आजच्या खडेविक्रेत्यांच्या 'व्हायब्रेशन'पेक्षा कितीतरी सुसंस्कृत आहे.

तार्किकांना हा कप्पा पुरला नाही. मीमांसक आणि नैयायिक यांच्यात एक जुना वाद आहे आणि त्याच्या केंद्रस्थानी मणीच आहे. आग गवत जाळते. जवळ एक विशिष्ट मणी ठेवला की जाळत नाही. मणी उचलला की पुन्हा जाळते. मीमांसक म्हणतात, आग तर दोन्ही वेळा तीच दिसली. म्हणजे तिच्यात 'शक्ती' नावाचं काहीतरी न दिसणारं होतं, ते मण्याने मारलं. शक्ती हा वेगळा पदार्थच मानला पाहिजे. नैयायिक हे मान्य करत नाहीत. आगीबरोबर मण्याचा अभाव हेही कारणच धरा, म्हणजे काम भागतं. पदोपदी मरणाऱ्या आणि जन्मणाऱ्या असंख्य शक्ती कशाला पोसायच्या? थोडक्या गोष्टींत उलगडा होत असेल तर जास्त मानू नयेत, याला ते लाघव म्हणतात.

असा मणी कुणी चुलीजवळ ठेवून पाहिला होता का, या प्रश्नावर वाद अडत नाही. त्या बाबतीत गझनीच्या अल्-बिरूनीचं मन वेगळं होतं. पाचू पाहिला की सापाचे डोळे जातात, अशी त्याच्या काळी सर्वमान्य समजूत होती. ११व्या शतकातल्या या माणसाने सापाच्या गळ्यात पाचूची माळ बांधली, त्याच्यापुढे पाचू ठेवले, नऊ महिने वेगवेगळ्या ऋतूंत हा उद्योग केला, आणि लिहून ठेवलं की सापाची नजर गेली नाही, झालीच असेल तर तीक्ष्ण झाली असेल.

लाघवाची फूटपट्टी द बोटच्या अंगठीला लावली तर फारसं काही उरत नाही. अंधार, घसरलेला घोडा, मऊ खडा, आपटलेला हात. पडझडीत माणूस वाचणं ही रोजची गोष्ट, आणि कठीणपणा ५ ते ६ असलेला खडा दगडावर आपटून फुटणं हीदेखील. वर शक्ती मानण्याची गरज नाही. गंमत म्हणजे द बोटलाही ती मानवत नव्हती. दगड स्वतःहून अलौकिक काही करू शकत नाही, करतो तो देव किंवा त्याच्या परवानगीने देवदूत आणि सैतान, असंच त्याचं मत. तरी फुटक्या खड्याचा मोठा तुकडा त्याने पुन्हा बसवून घेतला आणि अंगठी वापरत राहिला.

त्याला नावं ठेवण्यापूर्वी हे पाहावं, की रक्षक हा शब्द काढून घेतला तरी पिरोजाकडे एक काम शिल्लक राहतं. तो साक्षी आहे. धन्याचा घाम, तेल, हवा, ऊन, वर्षं, सगळं तो टिपून ठेवतो आणि लपवत नाही. पेराकवरच्या एका ओळीत चार पिढ्यांच्या हातांची नोंद असते. राखण करण्याची शक्ती मानायला मीमांसक व्हावं लागतं. साक्ष वाचायला नैयायिकही चालतो. श्रद्धेने साक्षीदाराला शिपाई समजलं, एवढीच तिची चूक.

ज्योतिषाच्या दुकानात मात्र यातलं काही नसतं. पिरोजा कुणी गुरूचा सांगतो, कुणी शुक्राचा, कुणी बुधाचा. पाश्चात्त्यांच्या 'जन्मरत्नां'त तो डिसेंबरचा, आणि ती आज रूढ असलेली यादी १९१२ साली अमेरिकेतल्या जवाहिऱ्यांच्या संघटनेने ठरवली. मॅलाकाइटला बाजारात दानाफिरंग म्हणतात आणि मुतखड्यावर उतारा म्हणून कमरेला बांधायला देतात. त्याचे गोळे मूत्रपिंडासारखे दिसतात, एवढाच त्याचा आधार असावा.

कमरेला बांधून काही बिघडत नाही. खडा रात्रभर पाण्यात ठेवून ते पाणी प्यायची जी फॅशन आली आहे, ती मात्र धोक्याची. मॅलाकाइटवर लिंबू पिळलं तर फसफसतं आणि तांबं सुटतं. जुन्या रसवैद्यांना हे नीट माहीत होतं. तांब्याच्याच क्षाराला, मोरचूदाला, ते सस्यक म्हणत, आणि 'रसरत्नसमुच्चया'त त्याच्या जन्माची कथा आहे: गरुड हालाहलही प्याला आणि अमृतही प्याला, त्याला उलटी झाली, आणि मरकत पर्वतावर पडलेली ती उलटी घट्ट होऊन तिचा सस्यक झाला. मोरचूद पोटात गेला की खरोखर उलटी होते. पाश्चात्त्य वैद्यकातही तो वांतीकारक म्हणून वापरला जाई आणि विषारी म्हणूनच सोडून दिला गेला. एका पदार्थात विष आणि अमृत दोन्ही, आणि तोंडातून बाहेर येणं हाच त्याचा धर्म, हे कथेत याहून नेमकं सांगता आलं नसतं. द्राक्षबागांत आणि कोकण-गोव्याच्या सुपारीच्या कुळागरांत आजही पावसाळ्याच्या तोंडावर मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण फवारतात. बुरशीला ते विष आहे.

पिरोजा घ्यायचाच असेल तर दुकानदाराला ग्रह विचारू नये, खडा कच्चा आहे की राळ भरलेला ते विचारावं. चांगला, घट्ट दगड आता थोडा निघतो. बाजारातला बहुतेक माल मऊ, खडूसारखा असतो आणि तो टिकावा म्हणून त्याच्या पोकळ्यांत प्लास्टिकची राळ दाबून भरतात. काही तर पिरोजाच नसतात, रंगवलेले पांढरे दगड असतात. राळ भरलेला खडा दिसायला सुरेख, घडवायला सोपा, आणि घाम, तेल, लोणी त्याच्यात शिरत नाही. घालणारा आजारी पडो, परगावी जावो, म्हातारा होवो, असा खडा निळाच राहतो.